दव असताना घास कापू नये

आमच्या गावात कोणी म्हणालं की मी गवत पेरणार आहे, तर लोक त्याच्या बायकोकडे चौकशी करतील, माणूस नीट झोपतो का, नीट जेवतो का. आमचा मुलूख गुहागरकडचा. पावसाळ्यात तिथे गवत न विचारता येतं. पायवाटेवर येतं, कौलांवर येतं, विहिरीच्या कठड्यावरसुद्धा येतं. गुरं सकाळी सोडायची, संध्याकाळी ती आपणहून परततात. दिवाळीनंतर त्यांच्यापुढे भाताचा पेंढा टाकायचा. दूध निघालं तर चहापुरतं, नाही निघालं तर चहा कोरा. यात कोणाला काही गैर वाटत नाही.

असं असताना मी घाटावरून संकरित गाय आणली. नाव गोदी. माझा स्वभावच असा, की चार माणसं नको म्हणाली की मला ते हटकून हवंसं होतं. व्याल्यावर महिनाभर गोदीनं तांब्यावर तांबे दूध दिलं. लोक बघायला आले, आणि मी ओटीवर बसून मिशीला पीळ दिला. मग दूध उतरत गेलं आणि दुधाबरोबर गायही उतरली. आमचे थोरले बंधू अण्णा तिच्या बरगड्या बघून म्हणाले, "दत्ताराम, हिच्यावर आता धोतर वाळत घालता येईल." नंतर त्यांनी गंभीरपणे सांगितलं की शिमग्यापर्यंत गाय सुधारली नाही तर तिला घाटावर परत धाडायची, इथे उपाशी मारायचं पाप नको. ते खरं बोलत होते, म्हणूनच मला फार राग आला.

त्या रागातच मी किसनला पत्र टाकलं. किसन माझा पलटणीतला सोबती. नऊ वर्षं आमच्या खाटा शेजारी होत्या. त्याची शेती संगमनेरच्या खाली, प्रवरेच्या काठाला. त्याचं उत्तर चार ओळींचं आलं. "पेंढ्यावर ती गाय दूध देणार नाही. घास लाव. भात निघालं की ये, बी देतो. शिकायचं मात्र आमच्या मंडळींकडून, मला त्यातलं फारसं कळत नाही." घास म्हणजे लसूणघास, मेथीसारखा दिसणारा आणि एकदा लावला की तीन-चार वर्षं कापत राहावा असा हिरवा चारा. हे एकाहत्तर सालच्या कार्तिकातलं. भात घरात आलं आणि मी पिशवी उचलली.

चंदनापुरीचा घाट उतरून

पुण्यापर्यंतचं काही सांगत नाही. एस.टी. सगळ्यांनी पाहिलेली आहे. चंदनापुरीचा घाट उतरला आणि समोर सपाट काळी जमीन पसरली. आमच्याकडे नजर चार बांधांवर जाऊन डोंगराला आपटते, इथे तिला कोणी अडवतच नाही. हवा कोरडी. अंगाला घाम नाही, ओठ मात्र फुटलेले. संगमनेरच्या स्टँडवर किसन सायकल घेऊन उभा होता. मला पुढच्या दांडीवर बसवून नेण्याचा त्याचा विचार मी हाणून पाडला. पन्नाशीच्या माणसानं दांडीवर बसणं शोभत नाही. मग दोघंही सायकल हातात धरून दीड तास चालत गेलो, आणि वाटेत दर मैलाला तो मला विचारत होता की आता बसतोस का.

त्यांच्या वस्तीला चिंचमळा म्हणतात. पाटाच्या कडेला चार-पाच घरं. किसनची बायको ठकूबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि "या भाऊजी" म्हणाल्या. मी त्यांना वहिनी म्हणू लागलो, वयानं त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान असल्या तरी. चहा आला. तो पांढरा होता. आमच्याकडे चहात दूध घालतात, इथे दुधात चहा घालतात. पहिला कप मी औषधासारखा प्यालो. दुसरा कोणी द्यायच्या आधी मागितला.

जेवायला बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि एक हिरवी पालेभाजी. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि वहिनींना म्हटलं की तुमच्याकडची मेथी फार गोड हो, कडवटपणा नावालाही नाही. किसननं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

"मेथी न्हाई ती," वहिनी सरळ तोंडानं म्हणाल्या. "घास हाय. कवळा कवळा खुडून आनला. तुमी त्याच्यासाठी येवढ्या लांबून आला, म्हनलं आधी चव तर बघू द्या."

म्हणजे गाईच्या आधी घास मला. मी चौथी भाकरी घेतली.

वहिनींची शाळा

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर वहिनी मला घासाच्या वाफ्यांकडे घेऊन गेल्या. मी वही आणि शिसपेन्सिल घेतली होती. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि हातात विळा दिला.

"लिहून काय हुतंय? बसा खाली."

जमिनीपासून चार बोटं सोडून कापायचं. खाली कापला तर फुटवा मरतो, वर कापला तर पुढचा घास बारीक येतो. जांभळी फुलं इथे तिथे दिसायला लागली की कापणीला आला समजायचं. सगळा फुलला तर काड्या होतात आणि गाय तोंड फिरवते. महिन्याला एक कापणी, आणि प्रत्येक कापणीनंतर पाणी. कापता कापता त्या मध्येच थांबत आणि वाफ्यात हात घालून पिवळ्या दोऱ्यासारखी वेल उपटून ओटीत टाकत. ती अमरवेल. घासाच्या अंगावर जगते आणि त्यालाच खाऊन टाकते. ओटीतली वेल त्यांनी बांधावर टाकली नाही, घरी नेऊन चुलीत घातली.

"बांधावर टाकली की पुन्यांदा येती. जावई जसा," त्या म्हणाल्या. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं होतं.

बी दाखवलं. राजगिऱ्याहून थोडं मोठं, पिवळसर. ते त्या सुपात घेऊन तासभर निवडत बसल्या, कारण अमरवेलीचं बी त्यातच लपून येतं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र मी वहीत लिहिलीच. नव्या रानात घास नुसता पेरला तर पिवळा पडतो. जुन्या घासाच्या वाफ्यातली पाटीभर माती बियाबरोबर टाकली की धरतो. का ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या सासूबाईंनाही नव्हतं. "विरजन लावल्यासारखं असंल," त्या म्हणाल्या. आणि मला न विचारता त्यांनी माझ्यासाठी मातीचं गाठोडं बांधायला घेतलं. आमच्याकडे सोयऱ्याला कोणी माती बांधून दिली तर भांडण होईल. मला त्या गाठोड्याकडे बघून भरून आलं, आणि ते लपवायला मी खोकलो.

मग गोठा. तिथे चंद्री होती. कपाळावर पांढरा चांद, अंग तपकिरी, कास अशी की मला गोदीची दया आली. चिंचमळ्यावरची ही पहिली संकरित गाय. चंद्री आठ दिवसांची असताना तिची आई मेली. वहिनींनी तिला स्वतःची बोटं दुधात बुडवून चोखायला दिली आणि तशी जगवली. आसपासच्या बायका म्हणायच्या की परक्या रक्ताचं वासरू आहे, टिकायचं नाही, कशाला जीव लावतेस. चंद्री टिकली, वाढली, दिवाळीच्या आधी पहिल्यांदा व्याली. आता त्याच बायका पुढच्या वेताला कालवड झाली तर आम्हाला सांग म्हणून येऊन जात. किसन मला हळूच म्हणाला, "ती गाय गेली तर आमच्या घरात चूल पेटायची न्हाई. दुधासाठी न्हाई म्हनत मी."

वहिनींनी चंद्रीपुढे आधी कडबा टाकला, ज्वारीची कोरडी ताटं. गाय घासाच्या भाऱ्याकडे मान ताणत होती. भारा सावलीत पसरून ठेवलेला होता, पार मलूल झालेला. कडबा निम्मा खाल्ल्यावर कुठे त्यातला वाटा तिला मिळाला.

"ताजा का नाही देत?" मी विचारलं.

"जिरवून द्यावा. आनि सकाळचा, दव असताना घास कापत नसतो आपन."

हे त्या इतक्या सहज बोलल्या की मी ते तिन्हीसांजेला केर काढू नये, शनिवारी नखं कापू नयेत, यांच्या पंगतीत बसवून टाकलं. मनात असंही आलं, आणि हे लिहिताना लाज वाटते आहे, की बाई हाताची जरा आखडती दिसते. घरात एवढा हिरवागार घास आणि गाईला आधी वाळकी ताटं. आमच्याकडे पावसात भिजलेलं गवत गुरं पोटभर खातात, पाणी निथळत असतं तोंडातून, आणि त्यांना काही होत नाही. घाटावरच्यांचे आपले नियम, मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी

किसन पहाटेच सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून संगमनेरला डेअरीत गेला. पाटाच्या पाण्याची पाळी त्या दिवशी त्यांच्यावर होती, म्हणून वहिनी उजाडता उजाडता खोरं घेऊन रानात गेल्या. मी अंगणात एकटा. दोन दिवस या घरचं दूध पितो आहे, भाकऱ्या मोडतो आहे आणि कामाच्या नावानं वही घेऊन फिरतो आहे, हे मला टोचत होतं. चंद्री माझ्याकडे बघत होती. गाई सगळ्यांकडेच बघतात, पण मला वाटलं ती मला काही सांगते आहे.

मी विळा घेतला. वाफ्यात गेलो. घासावर दव असं दाटलेलं की माझं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. चार बोटं सोडून, शिकवल्याप्रमाणे, चांगला मोठा भारा कापला. कोवळ्या घासाचा वाफा निवडला, प्रेमानं निवडला. आणि तो सगळा चंद्रीपुढे टाकला. तिनं काय खाल्लं म्हणता! मी शेजारी उभा राहून तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि वहिनी आल्या की काय म्हणतील याची वाक्यं मनात जुळवत होतो.

अर्ध्या तासानं चंद्रीनं खाणं थांबवलं. पाय आपटले. मागे वळून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. तिची डावी कूस वर येत होती, माझ्या डोळ्यांदेखत, फुगवलेल्या पखालीसारखी. मग तिनं जीभ बाहेर काढली आणि ती धापा टाकू लागली.  मी रानाकडे पळत सुटलो आणि लांबूनच ओरडलो, "वहिनी, चंद्री!"

त्या खोरं टाकून आल्या. गोठ्यात पाय ठेवताच त्यांनी गाय पाहिली, खाली सांडलेला ओला घास पाहिला, माझं भिजलेलं धोतर पाहिलं.  "शेजारच्या वस्तीवरनं इस्माईलभाईला आना," एवढंच म्हणाल्या, आणि मी पळत जाऊन त्यांना घेऊन आलो.

इस्माईलभाई शेळ्या राखणारे, पांढऱ्या दाढीचे. गुरांचा डॉक्टर संगमनेरात, आणि तो येईपर्यंत काय होईल ते कोणीच तोंडानं बोललं नाही. इस्माईलभाईंनी आल्या आल्या कुशीवर टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला. त्यांनी कडुलिंबाची ओली काठी तोडली आणि लगामासारखी गाईच्या तोंडात आडवी देऊन दोरीनं शिंगांना बांधली, म्हणजे ती सारखी चघळत राहील आणि पोटातली हवा तोंडावाटे निघेल. गाईचे पुढचे पाय उंचवट्यावर चढवले. वहिनींनी घरातलं शेंगदाण्याचं तेल होतं नव्हतं तेवढं आणलं, आणि बांबूच्या नळकांड्यानं ते थोडं थोडं तिच्या गालात सोडलं.

"घाई नका करू, छातीत जाईल," इस्माईलभाई म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पावनं कुठलं?"

"कोकणातला," मी म्हटलं.

"तिकडं गुरांना पोटं नसत्यात व्हय? या इकडं. कूस चोळा. जोर लावून."

मी चोळू लागलो. दोन्ही तळव्यांनी, सगळं अंग टाकून. चंद्रीचं कातडं इतकं ताणलेलं की त्यावर सुरकुती म्हणून नव्हती. वहिनी तिच्या तोंडाशी उभ्या होत्या. तिच्या काठीवरून गळणाऱ्या लाळेखाली त्यांनी आपली बोटं धरली होती आणि त्या तिच्याशी काहीतरी बोलत होत्या, लहान मुलाशी बोलतात तसं. मला ते ऐकवत नव्हतं. मी मोठमोठ्यानं "मी केलं, वहिनी, माझ्यामुळे झालं" म्हणत होतो, आणि त्या म्हणाल्या, "चोळा भाऊजी. मंग बोला."

चंद्रीचे मागचे पाय लटपटायला लागले. इस्माईलभाईंनी कमरेची सुरी काढली आणि गाईच्या डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे, बोटानं जागा बघून ठेवली. तिथे भोसकायचं आणि हवा बाहेर काढायची. कधी जनावर वाचतं, कधी नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी चंद्रीचं तोंड आपल्या पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "अजून थोडं बघा. लई न्हाई. थोडं."

मी चोळत होतो. हात माझे राहिलेच नव्हते. देव म्हणून जेवढे आठवले तेवढे सगळे मी बोलावले, आमच्या गुहागरच्या व्याडेश्वरापासून सुरुवात केली. आणि मग चंद्रीनं मान लांब केली आणि ढेकर दिली. काय तो वास! सगळा गोठा भरला. आयुष्यात इतका घाणेरडा आणि इतका चांगला वास मी घेतलेला नाही. मागोमाग दुसरी, तिसरी. कूस माझ्या हाताखाली हळूहळू मऊ पडली. इस्माईलभाईंनी सुरी धोतराला पुसून परत कमरेला लावली. तिला गरज पडली नव्हती तरी पुसली.

मी तिथेच शेणात बसलो आणि रडलो.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी किसन संगमनेरचा बाजार करून आला. वहिनींनी त्याला काही सांगितलं नव्हतं. मीच सगळं सांगितलं, हाताची आखडती वाटलं तेसुद्धा. त्यानं चंद्रीच्या डाव्या कुशीवरून हात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "पलटनीतनं आल्यावर मी बी हेच केल्तं. बैल हुता, आमच्या वडलांचा. माझा न्हाई वाचला." एवढं बोलून तो हातपाय धुवायला गेला. नऊ वर्षं खाटेला खाट लावून झोपलो, पण हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

निघताना

दुसऱ्या दिवशी दुपारची एस.टी. धरायची होती. माझं ठरलं होतं, पण मी कोणाला सांगितलं नव्हतं. बियाची पुरचुंडी आणि मातीचं गाठोडं मी माझ्या पिशवीतून काढून गुपचूप धान्याच्या कणगीमागे ठेवून दिलं. ज्याच्या हातून परक्या घरची गाय मरणाच्या दारात जाते, त्यानं घास लावू नये. गोदीला घाटावर धाडायची, अण्णा म्हणाले तसं. ती कोणा शहाण्या माणसाच्या गोठ्यात जाईल, तिथे तरी जगेल.

मी सकाळीच निघायची घाई करू लागलो. वहिनी म्हणाल्या, "थांबा. ऊन वर येऊ द्या."

मला वाटलं, थंडीसाठी म्हणतात. ऊन वर आलं. वाफ्यावरचं दव गेलं, पानाला हात लावला तर कोरडा राहिला. तेव्हा त्यांनी मला विळा दिला. मी नको म्हटलं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि विळा तसाच पुढे धरून ठेवला. मी कापला. त्यांनी सांगितलं म्हणून सावलीत पसरला. दोन तास आम्ही ओसरीवर बसलो, त्या बी निवडत आणि मी एस.टी.ची वेळ जाताना बघत. चंद्रीला कडबा घातला होता, तो ती संथपणे खात होती. पसरलेला घास मलूल झाला, मुठीत धरला तर वाकून राहायला लागला.

"आता घाला," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही घाला. मी नाही घालणार."

"तुमीच घालायचा." त्या उठून गोठ्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. "बी कनगीमागं ठिवलं तुमी. मी झाडताना बघितलं. आज माझ्या गाईला घातला न्हाई, तर घरी जाऊन तुमच्या गाईला जन्मात घालायचा न्हाई तुमी. ती बिचारी पेंढा खाऊन मरंल. तिनं काय केलंय?"

मी भारा उचलला. वहिनी दारातून बघत होत्या. मी मूठभर घास चंद्रीपुढे धरला. कालच जिला मी मारायला निघालो होतो त्या जनावरानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातून घास ओढून घेतला. मी दुसरी मूठ दिली, मग तिसरी. भारा संपेपर्यंत मी हातानं भरवत राहिलो. नंतर तासभर मी तिच्या डाव्या कुशीवर हात ठेवून उभा होतो. ती रवंथ करत होती. दुपारची एस.टी. केव्हाच गेली होती.

मग मी वळलो आणि वहिनींच्या पायाशी वाकलो. वयानं लहान असलेल्या वहिनीच्या पाया पडायची आमच्यात रीत नाही, आणि त्यांच्यातही नसणार. माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. आयुष्यात इतकं मनापासून मी देवापुढेही वाकलेलो नाही.

वहिनी दोन पावलं मागे सरल्या.  मग त्या म्हणाल्या, "वाकलाच हाय तर तो खाली सांडलेला घास उचला, भाऊजी. तुमच्या पायाखाली येतोय."